आधी गाव, मग रेडिओ

२०२४ च्या पावसाळ्यात ‘तांबडी चामडी’ नावाचं एक मराठी गाणं नेदरलँड्समधल्या ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ या कंपनीनं जगभर प्रसिद्ध केलं. संगीत क्रेटेक्सचं, म्हणजे कृणाल घोरपडेचं. शब्द आणि आवाज श्रेयस सागवेकरचा. ठेका नाचायला लावणाऱ्या हाऊस संगीताचा आणि त्यावर रॅपच्या अंगानं फेकलेली रोखठोक मराठी. हळदीपासून जिमपर्यंत सगळीकडे ते वाजलं. पण हेच गाणं गाजायच्या सहा महिने आधी कुणी पेन ड्राइव्हमध्ये घालून मुंबईतल्या एखाद्या एफएम वाहिनीकडे नेलं असतं, तर काय उत्तर मिळालं असतं याचा अंदाज या धंद्यातला कुणीही बांधील: ‘भारी आहे रे, पण आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही.’

मराठीत रॅप करणारी मुलं आज मुंबई-पुण्यापुरती नाहीत. अमरावतीत आहेत, संभाजीनगरात आहेत, अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातून आलेल्या मुली आहेत. यूट्यूबवर त्यांचे आकडे लाखांत जातात. तरी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना एक सल टोचत असते की घरात आई ज्या रेडिओवर गाणी ऐकते, त्यावर आपलं गाणं लागत नाही. रेडिओवर कसं लागायचं, हा प्रश्न त्यामुळे वरचेवर विचारला जातो. त्याची उत्तरं बहुधा ओळखीपाळखीच्या वाटेनं शोधली जातात. कुणी आरजे ओळखीचा आहे का, कुणाला पैसे द्यावे लागतात का, वगैरे. माझं म्हणणं वेगळं आहे. रेडिओनं रॅपला श्रोते मिळवून द्यावेत ही अपेक्षाच उलटी आहे. रेडिओ जमलेल्या गर्दीच्या मागून येतो, आणि तो असा का वागतो हे कळल्याशिवाय त्याला आपल्याकडे वळवणं अवघड.

खासगी एफएमचा जन्मच लायसन फीच्या ओझ्याखाली झाला. १९९३ मध्ये आकाशवाणीनं मोठ्या शहरांत एफएमवरचे तास खासगी कंपन्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. टाइम्स एफएम, रेडिओ मिड-डे ही नावं मुंबईकरांना आठवत असतील. त्या काळात इंडीपॉपला, म्हणजे सिनेमाबाहेरच्या गाण्याला, हवेत बरी जागा होती. पुढे ते तास बंद झाले, स्वतंत्र वाहिन्यांचे लिलाव झाले आणि २००१ मध्ये बंगळुरूत पहिली खासगी वाहिनी सुरू झाली. लिलावातल्या बोल्या चढ्या होत्या, त्यावर दर वर्षी १५ टक्क्यांची वाढ. काही कंपन्यांनी परवाने परत केले. २००५ च्या धोरणात सरकारनं ही पद्धत बदलून उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा घ्यायला सुरुवात केली, पण तोवर वाहिन्यांना एक सवय जडली होती. जोखीम घ्यायची नाही. ऐकणाऱ्यानं बटण फिरवू नये एवढंच बघायचं. आणि बटण न फिरण्याची सगळ्यात मोठी हमी म्हणजे नुकत्याच आलेल्या हिंदी सिनेमाचं गाणं, कारण त्याची जाहिरात निर्मात्यानं आधीच टीव्हीवर आणि होर्डिंगवर करून ठेवलेली असते.

तासाभरात जाहिराती आणि आरजेची बडबड वजा जाता दहा-बारा गाणी बसतात. त्यातली बहुतेक ‘रोटेशन’ची, म्हणजे तीच ती दिवसातून अनेकदा फिरणारी. उरलेल्या दोन-तीन जागांसाठी जुनी गाणी, गझल, पंजाबी पॉप आणि कंपन्यांची नवी गाणी भांडत असतात. आपला रॅपर या रांगेत शेवटी उभा असतो. गाणं कोणतं लावायचं हे आरजे ठरवत नाही, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. ते म्युझिक मॅनेजर ठरवतो, सॉफ्टवेअर क्रम लावतं, आणि आरजेच्या समोरच्या पडद्यावर यादी तयार असते. त्यामुळे ओळखीच्या आरजेला गाणं पाठवून आपण त्याला फक्त अवघडून टाकतो.

भाषेचा प्रश्न याहून अवघड. मुंबईतल्या मोठ्या वाहिन्या हिंदीत बोलतात आणि हिंदी गाणी वाजवतात. मराठी गाणी लावा म्हणून राजकीय पक्षांनी वेळोवेळी आंदोलनं केली, वाहिन्यांनी थोडी जागा दिलीही. पण दबावाखाली दिलेली जागा भरताना कोणीही सगळ्यात सुरक्षित गाणंच उचलणार. ‘सैराट’नंतर ती सोय ‘झिंगाट’नं केली. मराठी असणं आणि रॅप असणं ही वाहिनीच्या हिशेबात दोन वेगवेगळी धोक्याची कारणं आहेत, आणि आपलं गाणं दोन्ही घेऊन जातं. शिवाय २००७ मध्ये सुरू झालेली रेडिओच्या श्रोत्यांची मोजणी मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांपुरतीच होती. पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूरचा श्रोता काय ऐकतो याचा दर आठवड्याचा आकडाच तिथे नव्हता. आकडा नसेल तर जाहिरात विकणारा माणूस मुंबईचाच कित्ता गिरवतो.

हवेत जागा नाकारली म्हणून गाणं मरत नाही, याचा मोठा दाखला आपल्याच एका माणसानं देऊन ठेवलाय. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं प्रेम, सिनेसंगीताबद्दल तितकीच नावड. आकाशवाणीवरची सिनेगाणी त्यांच्या काळात जवळजवळ बंद झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींचा मुंबईत ध्वनिमुद्रित झालेला आवाज कोलंबोहून भारतभर ऐकू येऊ लागला. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ ला, आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. श्रोते दुसरीकडे जमले, मग सरकारी रेडिओ त्यांच्या मागे गेला. मराठी रॅपचं सिलोन म्हणजे आजचं यूट्यूब आणि इन्स्टाग्राम, एवढंच.

मग रेडिओची उठाठेव करायचीच कशाला? कारण मोबाइलवर गाणं शोधणारा माणूस आधीच आपला असतो. रेडिओ मात्र न शोधणाऱ्यापर्यंत जातो. शिलाईच्या मशीनवर बसलेली बाई, टेम्पो चालवणारा, रात्रपाळीचा वॉचमन, दुकानाच्या गल्ल्यावरचा माणूस. रॅप म्हणजे शिवीगाळ अशी ज्यांची समजूत आहे, त्यांच्या कानावर ते चुकून पडण्याची ही एकच जागा. आणि रेडिओवर लागलं की घरातला विरोध निम्म्यानं कमी होतो, हेही खरंच.

आता जे वाजूच शकत नाही त्याबद्दल. खासगी वाहिन्यांना आकाशवाणीचीच कार्यक्रम संहिता लागू आहे. ३० नोव्हेंबर २०२२ च्या सुमारास केंद्रीय मंत्रालयानं सगळ्या एफएम वाहिन्यांना आणखी एक ताकीद दिली: दारू, अमली पदार्थ, शस्त्रं, टोळ्या आणि बंदूक यांचा गौरव करणारी गाणी वाजवू नका. तिची पार्श्वभूमी पंजाबी गाण्यांची होती, पण फटका सगळ्यांना. ‘गँगस्टर’ची उसनी ऐट मिरवणाऱ्या मराठी पोरांना मी यात फारसं गमावलेलं मानत नाही, बारामतीच्या रस्त्यावर कॅलिफोर्नियाचं पिस्तूल तसंही शोभत नाही. पण दुसरी बाजू गंभीर आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्याच जशाच्या तशा लावता येतात. त्यामुळे राजकारणावरचं गाणं दिसलं की वाहिनी बिचकते. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या रॅपरवर ‘खोक्यां’च्या गाण्यावरून अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला आणि त्याच सुमारास उमेश खाडे यालाही मुंबईत पोलिसांना सामोरं जावं लागलं. ज्या गाण्यांमुळे ही दोन नावं महाराष्ट्राला कळली, ती गाणी कुठल्याही व्यावसायिक वाहिनीच्या यादीत जाणार नव्हती, आजही जाणार नाहीत.

यावर ‘मग आम्ही रेडिओसाठी नख्या कापून घ्यायच्या का?’ असं रॅपर विचारतात. मला हा प्रश्न खोटा वाटतो. एका कलाकाराला दोन प्रकारची गाणी करता येतात. ज्याला पोलीस ठाण्यात बोलावलं जाऊ शकतं ते यूट्यूबवर आणि मैदानात. ज्यात आजी, पाऊस, लोकल, एसटी, प्रेम, नोकरी आहे ते रेडिओवर. लोकशाहीर अण्णाभाऊ साठ्यांनी छक्कडही लिहिली आणि रशियातल्या लढाईवर पोवाडाही लिहिला. त्यांना कोणी एकाच तऱ्हेच्या गाण्याला बांधून घातलं नव्हतं. बोचणारा शब्द पुसून त्या जागी ‘बीप’ टाकणं मात्र वाईट. ऐकणाऱ्याचं लक्ष बीपकडेच जातं. शब्द बदलून ओळ पुन्हा रेकॉर्ड करावी. मराठीत पर्यायांचा तुटवडा नाही.

रेडिओनं प्रादेशिक रॅपला खरोखर हात दिल्याचं एक जवळचं उदाहरण तमिळ आहे, आणि ते नीट बघण्यासारखं आहे. कोइम्बतूरचा आदी आणि त्याचा मित्र जीवा हे ‘हिपहॉप तमिळा’ नावानं गात होते. २०११ मध्ये आदीनं एका एफएम वाहिनीच्या कार्यक्रमात ‘क्लब ले मब्बु ले’ हे गाणं सादर केलं आणि त्याची चित्रफीत इंटरनेटवर पसरली. गाण्यातल्या मुलींविषयीच्या शेऱ्यांवर टीका झाली, ती रास्तच होती. पण घडलं काय ते पाहा. रेडिओनं गाणं रोटेशनमध्ये घातलं नाही. त्यानं आपला स्टुडिओ आणि माइक दिला, आणि त्याच माइकसमोरच्या चित्रफितीनं बाकीचं काम केलं. पुढच्या वर्षी ‘हिप हॉप तमिळन’ हा संग्रह आला, २०१३ मध्ये ‘एदिर नीचल’ या सिनेमात आदीचा आवाज आला आणि २०१५ पासून ही जोडी सिनेमांना संगीत देऊ लागली. म्हणजे रेडिओकडून मागायची गोष्ट गाण्याची जागा नव्हे, गप्पांची जागा. सकाळच्या कार्यक्रमात दहा मिनिटं, थेट आवाजात सोळा ओळी, आरजेच्या नावावर तिथल्या तिथे रचलेलं एखादं कडवं. आरजेला यादी बदलता येत नाही, पाहुणा मात्र बोलावता येतो. आणि पाहुण्यानं काहीतरी रंगवून दिलं तर त्याची क्लिप वाहिनी स्वतःच सोशल मीडियावर टाकते, कारण आता त्यांनाही तिथेच टिकायचं आहे.

अमेरिकेतही रॅपची सुरुवात काही वेगळी नव्हती. न्यूयॉर्कमध्ये मिस्टर मॅजिक यानं एका छोट्या वाहिनीवर पदरचे पैसे भरून रात्रीचा वेळ विकत घेतला आणि त्यात रॅप वाजवलं. मोठ्या वाहिनीनं त्याला नंतर बोलावलं. श्रोते घेऊन आलेल्या माणसाला दार उघडणं सोपं असतं.

मग श्रोते जमतात कुठे? इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण मराठी रॅपचं खरं भांडवल इथे आहे आणि तेच बरेच जण मुंबईला निघताना घरी ठेवून येतात.

अमरावती घ्या. ‘१०० आरबीएच’ म्हणजे सौरभ अभ्यंकर अमरावतीचा. ‘एमटीव्ही हसल’ या रॅपच्या टीव्ही स्पर्धेच्या दुसऱ्या पर्वात आणि पुढे ‘बिग बॉस मराठी’त दिसलेली आर्या जाधवही अमरावतीचीच. एका मध्यम शहरातून हे येतं, कारण तिथल्या वऱ्हाडीला स्वतःचा ठेका आहे. वऱ्हाडी बोलताना माणूस शेवटचा शब्द ओढतो, मध्येच तोडतो, एक मिश्कील तिरकेपणा त्यात असतो. बीटवर ते आपसूक बसतं. सौरभ ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटाबरोबर काम करतो. याच गटानं एमसी मावलीच्या मराठीसह वेगवेगळ्या भाषांतलं रॅप एकत्र आणलं, आणि २०१९ मध्ये आरेच्या जंगलातले वारली चित्रकार-कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. गटातला गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड मार्च २०२२ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला. ‘गली बॉय’ या सिनेमातल्या ‘इंडिया ९१’ या गाण्यात ही मंडळी आपापल्या भाषा घेऊन उतरली होती.

माही जी या नावानं रॅप करणारी मधुरा घाणे महादेव कोळी समाजातली. ‘जंगल चा राजा’मध्ये ती आदिवासींच्या जमिनीबद्दल बोलते, ‘हक से हिजडा’मध्ये तृतीयपंथीयांबद्दल. विषय तिचा, शब्द तिचे, म्हणून ऐकणारेही तिचे. दुसऱ्या टोकाला श्रेयश जाधव, ‘किंग जेडी’: सिनेमाच्या निर्मितीतला माणूस, ‘पुणे रॅप’, ‘वीर मराठे’ अशी गाणी, मोठं चित्रीकरण, गुळगुळीत ध्वनी. अंडरग्राउंडवाले नाक मुरडतात, पण मराठी रॅप कुटुंबानं बसून बघण्याजोगं आहे हे पहिल्यांदा अशाच गाण्यांनी दाखवलं, हे मान्य करायला हवं.

बोलीचं गाणं छोट्या भागापुरतं अडकतं, ही भीती मला अनाठायी वाटते. खानदेशातल्या अहिराणी गाण्यांकडे बघा. ‘हाई झुमका वाली पोर’ ज्यांनी कानात साठवलं, त्यांतल्या कित्येकांना अहिराणीचा एक शब्द कळत नसेल. रायगड-ठाण्यातली आगरी-कोळी गाणी एफएमच्या दयेवर कधीच नव्हती. हळदीच्या मांडवात आणि डीजेच्या भिंतींवर त्यांचं अख्खं अर्थकारण उभं राहिलं. त्याही आधी वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांची गाणी कॅसेटींवरून वस्त्यावस्त्यांत पोचली. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लागणारे कॅसेटींचे स्टॉल म्हणजे त्या गाण्यांचा खरा प्रक्षेपण मनोरा होता. आनंद शिंद्यांच्या गाण्यातला पोपटही आधी रिक्षात, पानाच्या ठेल्यावर आणि लग्नाच्या मांडवात बोलला.

इथे पोवाड्याची तुलना काढायची रीत आहे. पोवाडा म्हणजे आपलं मूळचं रॅप, असं भाषण प्रत्येक मराठी हिपहॉप कार्यक्रमात कोणीतरी करतंच. मला त्याचा कंटाळा आलाय. पोवाड्यात सांगायची गोष्ट असते, डफ-तुणतुणं असतं आणि ‘जी जी’ करणारे झीलकरी असतात. रॅपचा जीव यमकांच्या गुंफणीत आणि बीटशी खेळण्यात आहे. खरी जवळीक शोधायचीच तर कलगी-तुऱ्यात शोधावी. दोन फड समोरासमोर, एकानं कूट घालायचं, दुसऱ्यानं तिथल्या तिथे काव्यात उत्तर द्यायचं, आणि हरलं कोण हे गर्दी ठरवायची. बॅटल रॅप याहून वेगळं ते काय? आणि त्यातून शिकण्यासारखं एवढंच की शाहीर लोक यात्रेत, उरुसात, जिथे माणसं आधीच जमलेली असतात तिथे जात. माणसांना आपल्याकडे बोलवत बसत नसत. आजचा रॅपर मात्र अंधेरीतल्या कॅफेत चाळीस मित्रांसमोर सायफर, म्हणजे आळीपाळीनं रॅप, करतो आणि मराठी श्रोता मिळत नाही म्हणतो. गणेशोत्सवाचं मंडळ, भीमजयंतीचं स्टेज, कॉलेजचं गॅदरिंग, कबड्डीच्या स्पर्धेचं मध्यंतर, कुस्तीच्या मैदानाबाहेरचा माइक: या जागा फुकट आहेत आणि तिथे पाच हजार माणसं असतात. पहिल्या दोन वेळा शिट्ट्या पडतील. पडू द्याव्यात.

टीव्हीबद्दल थोडक्यात. २०१९ मध्ये ‘गली बॉय’ आला, त्याच वर्षी ‘हसल’ सुरू झालं, आणि रॅप हा शब्द तालुक्याच्या गावात कळला. २०२२ च्या पर्वात एमसी स्क्वेअरनं हरियाणवी घेऊन बाजी मारली. मुंबईच्या सृष्टी तावडेचं नाव घरोघर झालं ते हिंदी रॅपमुळे. मराठी मुलांनी या कार्यक्रमातून काढलेला धडा मात्र चुकीचा आहे: मोठं व्हायचं तर हिंदीत जायचं. हरियाणवी मुलगा जिंकला तो हिंदीत शिरून नव्हे, गावरान बोली सांभाळून.

आता रेडिओकडे परत, पण मोठ्या वाहिन्यांच्या दारातून नाही. महाराष्ट्रात छोटा रेडिओ बराच आहे आणि त्याच्याकडे रॅपर फिरकत नाहीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, मुंबई विद्यापीठाचा ‘रेडिओ मस्ट’, म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’, बारामतीची ‘शारदा कृषी वाहिनी’: ही सामुदायिक केंद्रं. त्यांचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा, पण धोरणाची एक अट आपल्या फायद्याची आहे. निदान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेला हवा. म्हणजे म्हसवडच्या केंद्राला माणच्या दुष्काळावर माणदेशी बोलीत रॅप करणारी मुलगी हवीच असते. तिनं जाऊन सांगायचं फक्त बाकी असतं. कोल्हापुरात ‘टोमॅटो एफएम’सारखी वाहिनी आहे, जिथला श्रोता आणि आरजे दोघंही कोल्हापुरी बोलतात. पंधरा किलोमीटरमध्ये गाणं खरोखर रुजलं तर त्याचा पुरावा घेऊन पुढच्या वाहिनीकडे जाता येतं, आणि हा पुरावा यूट्यूबच्या आकड्यांपेक्षा वजनदार असतो, कारण आकडे विकतही मिळतात हे म्युझिक मॅनेजरला ठाऊक आहे.

आकाशवाणीलाही जुनाट म्हणून सोडून देऊ नये. १९६९ पासून ‘युववाणी’ तरुणांसाठी आहे. तिथे गायक-वादकांची श्रेणी ठरवायला ध्वनिचाचणीची पद्धत आहे, बी, बी हाय, ए अशी. रॅपरनं सुगम संगीताच्या परीक्षकांपुढे उभं राहून काही साधायचं नाही. पण युवा कार्यक्रमातली मुलाखत, काव्यवाचन, एखाद्या विषयावरचं रूपक यांतून रॅप सहज आत जातं. जळगाव, परभणी, सांगली, रत्नागिरी अशा केंद्रांवरची माणसं नवा आवाज शोधत असतात, आणि त्यांचं क्षेत्र कुठल्याही खासगी वाहिनीपेक्षा मोठं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या २३४ नव्या शहरांसाठी ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आणि मातृभाषेतला स्थानिक कार्यक्रम वाढेल असं त्याचं एक कारण दिलं. लातूर, यवतमाळ, चंद्रपूर, वर्धा ही त्यातली आपल्याकडची काही नावं. लिलावाची बोली परवडणारी राहिली तर तिथल्या वाहिनीला मुंबईची नक्कल करून भागणार नाही. बोली चढली, तर २००१ चाच खेळ पुन्हा.

गाणं रेडिओजोगं करणं ही वेगळी कारागिरी आहे आणि तिची लाज वाटू नये. पावणेतीन-तीन मिनिटं पुरे. सुरुवातीची दहा-बारा सेकंदं नुसत्या सुरावटीची ठेवावीत, आरजे त्यावर बोलतो. त्याच्या बोलण्यावर तुमची पहिली ओळ आदळली तर गाणं पुन्हा लागत नाही. हुक, म्हणजे परत परत येणारा तुकडा, अर्ध्या मिनिटाच्या आत यायला हवा आणि तो साध्या मराठीत असावा, रिक्षावाल्याला दुसऱ्यांदा ऐकताना म्हणता यावा असा. कडव्यांत हवी तेवढी बोली घाला. मोबाइलच्या इअरफोनमध्ये दणदणणारा बेस टेम्पोतल्या एका स्पीकरवर चिखल होतो, आणि शब्द ऐकू आले नाहीत तर रॅपमध्ये उरलं काय? म्हणून मिक्स एकदा स्वस्त स्पीकरवर ऐकावं. फायलीचं नाव ‘फायनल फायनल २’ असं नसावं. गाण्याचं, गायकाचं, गीतकाराचं, संगीतकाराचं नाव आणि ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा आयएसआरसी क्रमांक सोबत नसेल तर इच्छा असूनही वाहिनी ते यादीत चढवत नाही.

आणि इथेच बहुतेक मराठी रॅपर अडकतात, कारण बीट त्यांचं नसतं. यूट्यूबवरून ‘टाइप बीट’, म्हणजे कुणीतरी तयार करून ठेवलेलं बीट, उतरवून त्यावर गाणं केलेलं असतं. फुकट, किंवा थोड्या डॉलरचा भाडेपरवाना घेऊन. त्या परवान्यात रेडिओ प्रसारणाचा हक्क पुष्कळदा नसतो, किंवा त्याला मर्यादा असते. तेच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेलं असतं. अशा गाण्याला हवेत सोडून उद्या कुणाचा दावा ओढवून घ्यायला कुठलाही म्युझिक मॅनेजर तयार होत नाही, आणि नकार देताना हे कारण तो सांगतही नाही. गावातल्याच संबळवाल्याला, हलगीवाल्याला बसवून कॉलेजच्या पोरानं केलेलं बीट ऐकायला कच्चं लागेल, पण ते आपलं असतं आणि दुसऱ्या कुणाकडे नसतं.

पैशाचंही तसंच. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा मानधनातला वाटा कायद्यानं असा बांधला की कंपनीला तो करारात लिहून घेता येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एफएम वाहिन्यांना मूळ शब्द-संगीताचं मानधन आयपीआरएस या संस्थेकडे भरायला लावलं. रॅपर स्वतःच गीतकार असतो आणि पुष्कळदा संगीतकारही. गाणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्याचा हक्क मोठा अशी ही दुर्मीळ जागा. तरी सदस्य झालेले थोडेच. चार जणांनी मिळून गाणं केलं की कुणाचा वाटा किती हे लिहून ठेवायचं राहून जातं, गाणं चाललं की भांडण होतं, आणि ज्या दिवशी ते पहिल्यांदा हवेत जातं त्या दिवशीचे पैसे नाव न सापडल्यामुळे खात्यात पडून राहतात.